कोरड्या तलावातली वाट

चाकूरहून गाडी सुटली तेव्हा अक्काने कुबडी दोन्ही हातांनी धरली होती आणि मी तिच्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत होते. अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय गेला. हाताच्या मशीनवर कपडे शिवून तिने मला बी.ए., बी.एड. केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि आता मुलींच्या शाळेत शिक्षिका.

निघण्याचं कारण शाळेची सहल. कंधारचा किल्ला पाहायचा आणि जवळच्या एका तलावापलीकडच्या चिंचेच्या बनात जेवायचं, असा बेत होता. माझ्या वर्गातल्या दोन मुली कुबडीवर चालतात. मुख्याध्यापक म्हणाले होते, "आधी वाट पाहून या. जबाबदारीवर सही करा, मग न्या. नाहीतर त्या दोघी शाळेत थांबतील." पाचवीत असताना अक्का अशीच थांबली होती, रिकाम्या वर्गाची किल्ली सांभाळत. म्हणून मी तिलाच बरोबर घेतलं. जिथं ती जाईल तिथं त्या मुली जातील. पण ती पडली तर काय, हा विचार रात्रभर सुटला नव्हता.

"म्हंजे मी तुझी मोजपट्टी," अक्का म्हणाली.

"तसं नाही गं."

"असू दे. मोजपट्टीचं तिकीट तरी काढलंस."

लातूर जिल्हा नवाच झाला होता. आमच्या शाळेच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव नव्या रंगाखालून अजून दिसायचं. अहमदपूरला गाडी बदलली. पुढे रानं उघडी पडलेली, विहिरींभोवती घागरींच्या रांगा. नांदेड जिल्हा कुठे सुरू झाला ते कळलं नाही. दोन्हीकडची माती एकाच रंगाची होती.

किल्ल्याच्या दरवाजापर्यंत अक्का सावकाश चालली. कोरड्या खंदकात तिने वाकून पाहिलं तेव्हा मी तिचा दंड धरला. मुलींना इथं हात धरून न्यायचं, असं मी वहीत लिहिलं. आतल्या मोकळ्या जागेत ती मनसोक्त फिरली. बुरुजाच्या पायऱ्या पाहून मात्र खालीच बसली. "हितनं बी दिसतो की किल्ला," म्हणाली.

मग तलाव. बनाकडे जायला बांधावरून दगडी पायऱ्या होत्या, गुडघ्याएवढ्या उंच, त्यातल्या निम्म्या निखळलेल्या. पण तलाव पार आटला होता. तळ भेगाळलेला, सपाट, थेट चिंचांपर्यंत. मला फार आनंद झाला. वहीत लिहिलं : 'तळातून वाट उत्तम.'

निम्म्यावर गेलो असू. पापड मोडावा तसा आवाज आला आणि अक्काची कुबडी आत गेली. तिचा चांगला पाय पोटरीपर्यंत रुतला. वरची माती वाळलेली, खाली काळा चिखल. मी धावले, तर माझाही पाय रुतला. अक्काने फक्त माझ्याकडे पाहिलं. तिला असं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"ए पोरी, हलू नको," पलीकडून हाक आली. तिकडे रोजगार हमीवर बायका तलावातला गाळ काढत होत्या. त्यातल्या दोघी आल्या, लोखंडी घमेली पालथी टाकत, त्यावर पाय देत. अक्काला बगलेत धरून त्यांनी ओढून काढलं. कुबडी उपसायला आणखी वेळ लागला. मी माझी मीच निघाले.

"कुठल्या?" त्यातल्या वयस्कर गयाबाईंनी विचारलं.

"चाकूरच्या."

"चाकुरात डोळे देत न्हाईत का? लेंड्या बघून चालायचं. जिथं लेंडी न्हाई, तिथं शेळी जात न्हाई. तिला कळतं."

"आमची बाई बी.ए. हाय, मावशी," अक्का चिखलानं माखलेला पाय पसरून म्हणाली. "तिला शेळ्यांचं शिकवलं न्हाई."

सगळ्या हसल्या.

मी पाणी मागितलं. गयाबाईंनी झिरा (तलावाच्या तळात खणलेला खड्डा) दाखवला. एक बाई वाटीने पाणी खरवडून घागरीत ओतत होती. वाटी भरेपर्यंत थांबावं लागत होतं. 'पाणी तलावावर मिळेल,' असं मी घरूनच लिहून आणलं होतं. मी गयाबाईंना सहलीचं सांगितलं.

"किती पोरी आणणार?"

"चाळीस."

गयाबाई झिऱ्याकडे पाहत राहिल्या. मी ती ओळ तिथंच खोडली आणि सांगितलं, पाणी आम्ही शाळेतून आणू.

"मग गाडीवाटेनं न्या," त्या म्हणाल्या. गाळाच्या बैलगाड्या बांधावर चढवायला बायकांनी मातीचा लांब उतार केला होता, थोडा वळसा घेऊन. तसाच उतार बांधाच्या बाहेरच्या अंगानंही होता, आणि बांधावरून वाट बनाकडे जात होती. "बैल चढतो तर कुबडीला काय झालं? वर जरा भुसभुशीत हाय. चार घमेली मुरूम टाकू. अन् पाऊस आला तरी ती वाट ऱ्हाती."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी निवडलेली वाट पाऊस न पडण्यावर उभी होती. त्या बायका घोटभर पाण्यासाठी खड्डा खरवडत होत्या आणि रिकामा तलाव पाहून मला आनंद झाला होता. चिखलापेक्षा या गोष्टीची मला जास्त भीती वाटली.

अक्का उतारावर निघाली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "सोड. त्या पोरींचा हात कितीदा धरशील?" वर भुसभुशीत मातीत कुबडी दोनदा सरकली. दोन्ही वेळा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती बांधावर पोचली होती.

बनात आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. अक्काने पडलेल्या चिंचा पदरात वेचल्या.

घरी आल्यावर कुबडी दाराशी टेकवली. आईने धुवायला घेतली नाही. पिंपात दोनच तांबे पाणी होतं. सकाळी चिखल वाळून कुबडीवर, ती रुतली होती तिथवर, एक रेघ उमटली होती. मी टोकापासून हात लावून मोजली. वीतभर, वर चार बोटं.

मुख्याध्यापकांचा कागद समोर होता. वाटेच्या रकान्यात लिहिलं : 'गाडीवाटेने. तलावात कोणी उतरणार नाही. पाणी शाळेतून.' मग त्या दोघींची नावं लिहिली, पुन्हा एकदा रेघेकडे पाहिलं आणि खाली सही केली. सही वाकडी आली, पण वाचता येत होती.