टिपणिसांचं वर्तुळ

"भाजीत मीठ कमी आहे, काकू. पण मला सर्दी झाली आहे, तेव्हा माझ्या म्हणण्याला निम्मीच किंमत द्या."

टिपणीस आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हाचं हे वाक्य. आईनं डाव हातात धरून क्षणभर विचार केला आणि चिमूट घेतली होती त्यातलं निम्मंच मीठ घातलं. माझी थोरली बहीण सुमन पदर तोंडाला लावून आत पळाली. मला काही हसू आलं नाही. सर्दी झालेल्या माणसाला मिठाची चव कळत नाही, हे खरंच आहे. फक्त तसं सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

टिपणीस जाऊन आता दोन वर्षं झाली. नात्यानं ते माझे मेहुणे. पण त्याआधी ते आमच्या ठाण्याच्या घरात वरच्या खोलीचे भाडेकरू होते, आणि मी त्यांना शेवटपर्यंत टिपणीसच म्हणत आले. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. युद्धात ते विमानदलात नेव्हिगेटर होते, म्हणजे विमान या क्षणी कुठे आहे आणि कुठल्या दिशेनं न्यायचं, हे सांगणारे. युद्ध संपल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. मुंबईच्या एका संस्थेत त्यांचं संशोधन चालू होतं. विषय असा: नेव्हिगेटर कुठे चुकतो, किती चुकतो, आणि आपण किती चुकू शकतो हे त्याला स्वतःला ठाऊक असतं का?

"म्हणजे चुकांवर पदवी मिळते?" आईनं विचारलं होतं.

"मिळेल असं वाटतं, काकू. माल भरपूर आहे."

कुठलीही गोष्ट सांगताना ती किती इकडेतिकडे होईल हेही सांगायचं, ही त्यांची सवय. "सातला येतो, पंधरा मिनिटं मागेपुढे." "त्यांचं नाव गोविंद, पण वामनही असेल." कोणी हसलं तर म्हणायचे, "चूक पाहुण्यासारखी असते. ती येणार हे धरून एक पाट जास्त मांडावा." नकाशावर आपली जागा दाखवायला इतर नेव्हिगेटर ठिपका काढत. टिपणिसांचं म्हणणं, ठिपक्याभोवती वर्तुळ काढा. त्या वर्तुळात आपण कुठेतरी आहोत एवढंच आपल्याला ठाऊक असतं. ठिपका हा नुसता नवस.

आमचे वडील, अण्णा, नेमके याच्या उलट. कचेरीत हेडक्लार्क. 'बहुधा' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. पाऊस कधी उघडणार, कोणाचा मुलगा मॅट्रिकला आपटणार, सगळं ठणकावून सांगायचे. त्यातलं पुष्कळ चुकायचं. पण ठणकावून सांगितलेलं चुकलं तरी लोक विसरतात, आणि 'बहुधा' म्हणून सांगितलेलं बरोबर आलं तरी त्याचं श्रेय देत नाहीत. जगाची रीत.

सुमन मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. टिपणिसांच्या आकडेमोडीत काही अडलं की कागद जिन्यावरून खाली यायचे आणि संध्याकाळी वर जायचे. पुढे कागद न अडताही येऊ लागले. टिपणिसांना आईवडील नव्हते, म्हणून एका सकाळी धुतलेला सदरा घालून मागणी घालायला ते स्वतःच खाली आले. आई आणि मी दाराआड उभ्या.

"प्रबंध कधी पुरा होणार?" अण्णांनी विचारलं.

"दिवाळीला. चार महिने पुढे धरा."

"आणि नोकरी?"

"ते नेमकं नाही सांगता यायचं, अण्णासाहेब. पदवीनंतर सहा महिने ते दोन वर्षं, एवढ्या वर्तुळात कुठेतरी."

अण्णांनी चष्मा काढला. "टिपणीस, वर्तुळाला कोणी मुलगी देत नाही."

संपलं. अण्णांनी सुमनसाठी पेणचं एक स्थळ काढलं. मुलगा बँकेत, कायम झालेला. महिन्याभरात कळवतो असा निरोपही अण्णांनी धाडला. सुमन एवढंच म्हणाली, "मी दुसऱ्या कोणापुढे पोह्यांची बशी घेऊन जाणार नाही." आणि शाळेत निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्यावर अण्णांकडे औषध होतं.

आईला टिपणीस पसंत होते. ती मला घेऊन जिना चढली. "अहो, एकदा 'होईल' म्हणा की. सगळेच म्हणतात. पेणच्यानं काय ब्रह्मदेवाला विचारून सांगितलंय? लग्न झालं की कोण तारीख बघत बसतंय?"

टिपणिसांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. नंतर ती त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही. आसामच्या बाजूला, ढगांवरून परत येताना त्यांनी नकाशावर ठिपका काढला आणि वैमानिकाला सांगितलं, खाली दरी आहे, उतर. खाली डोंगराची सोंड होती. विमान कसंबसं नदीच्या वाळूत टेकलं. वैमानिकाचा पाय गेला.

"मी चुकलो याचं मला एवढं वाटत नाही, काकू. वाऱ्यानं कोणीही चुकतो. पण मी चुकू शकतो, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो उंचच राहिला असता. आता तुम्ही म्हणता, सुमनच्या बाबतीत तेच करू?"

आई जिना उतरली. खाली आल्यावर मला म्हणाली, "कुंदे, हा माणूस काही सुधारायचा नाही." आणि डोळे पुसले.

त्यातच त्यांच्या प्रबंधाला एक प्रयोग हवा होता. प्रयोगाला विमान कोण देणार? "पाय आहेत की," टिपणीस म्हणाले. कल्याणच्या पलीकडे युद्धात बांधलेली धावपट्टी ओस पडली होती. तिथे लांब एक झेंडा रोवायचा. प्रत्येकानं आधी झेंड्याभोवती चुन्याच्या फक्कीनं वर्तुळ काढायचं: मी याच्या आत थांबणार म्हणजे थांबणार. मग डोळ्यांवर पंचा बांधून चालत निघायचं आणि झेंडा आला असं वाटेल तिथे उभं राहायचं. "विमान ढगात शिरलं की नेव्हिगेटरच्या डोळ्यांवर पंचाच असतो," त्यांनी समजावलं. माणसं जमवायचं काम मी अंगावर घेतलं. दशम्यांची लालूच दाखवली की गल्लीतली माणसं कुठेही येतात.

अण्णाही आले. दोन मुलींना त्या माणसाबरोबर एकट्या पाठवायचं नाही, हे उघड कारण. खरं कारण असं, की सरळ चालण्यात आपला हात कोणी धरणार नाही अशी त्यांची खात्री होती.

त्या दिवशी काय हसलो! आमचे परांजपे मास्तर निघाले झेंड्याकडे आणि अर्ध्यातून वळून थेट दशम्यांच्या टोपलीपाशी येऊन थांबले. "नाक उघडं ठेवलं, ही चूक झाली," म्हणाले. तोवर गेलेल्यांपैकी कोणीही आपल्या वर्तुळात पोचलं नाही. प्रत्येकानं आपलं वर्तुळ लहानच काढलं होतं.

अण्णांनी पाटाएवढं काढलं. "यात येतो," म्हणाले. पंचा बांधला, काठी टेकत ताठ मानेनं निघाले. टिपणीस बाजूनं, पाय न वाजवता चालत होते. अण्णा हळूहळू उजवीकडे सरकू लागले, पट्टी सोडून गवतात शिरले आणि एका म्हशीजवळ जाऊन उभे राहिले. "पोचलो," त्यांनी जाहीर केलं आणि पंचा सोडला. म्हशीनं मान वळवून पाहिलं.

हसू दाबता दाबता मास्तरांना ठसका लागला. सगळ्यांचे डोळे टिपणिसांवर. आता तरी हा माणूस होऊ घातलेल्या सासऱ्याची लाज राखेल, असं मला वाटलं. टिपणिसांनी टेप धरून अंतर मोजलं.

"अण्णासाहेब, आतापर्यंत सगळ्यांत कमी चुकलात तुम्ही. अगदी खरं. वर्तुळ मात्र सगळ्यांत लहान काढलंत."

अण्णा काळेनिळे झाले. शेवटी सुमनची पाळी आली. ती फक्की टाकत निघाली ती निघालीच. एवढं मोठं वर्तुळ, की पुरं व्हायच्या आत चुना संपला. तिची चाल सगळ्यांत वाईट झाली, पण वर्तुळाच्या आत थांबलेली ती एकटीच.

"याला काय अर्थ आहे?" अण्णा कडाडले. "असं कोणीही गावभर वर्तुळ काढील!"

"मला सरळ चालता येत नाही, अण्णा," सुमन म्हणाली. "ते मला माहीत आहे. म्हणून मोठं काढलं."

परतताना अण्णा सगळ्यांच्या पुढे चालत राहिले. घरी सगळं ऐकून आई म्हणाली, "झालं. आता पेणला कळवतील." मलाही तसंच वाटलं.

पण पुढल्या रविवारी पहाटे अण्णा काठी घेऊन जिन्याखाली उभे. "टिपणीस! उठलात का? त्या दिवशी वारा होता. पुन्हा जायचं."

माझे वडील हट्टी होते हे मी सांगितलंच नाही वाटतं. त्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही रविवारी गेले. मी दशम्या बांधून बरोबर. पहिल्यांदा पुन्हा पाटाएवढंच वर्तुळ. मग अंगणाएवढं. टिपणीस काही सुचवायचे नाहीत, हसायचे नाहीत, मोजून आकडा सांगायचे. चौथ्या खेपेला अण्णांनी फक्कीचं घमेलं घेतलं, झेंड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ऐसपैस वर्तुळ काढलं. मग पंचा बांधून चालले. रेघेच्या आत थांबले, जेमतेम. मी टाळ्या वाजवल्या. "गप बस," म्हणाले, पण पंचा सोडायला त्यांनी उगाच वेळ लावला.

नंतर पट्टीच्या कडेला बसून पायांतली कुसळं काढता काढता त्यांनी मान वर न करता विचारलं, "टिपणीस, समजा, दोन वर्षांतही नोकरी नाही लागली, तर?"

'समजा' आणि 'तर'. एकाच वाक्यात. मी दशमी खायची थांबले.

"तर मी शिकवण्या करीन," टिपणीस म्हणाले. "सुमनची नोकरी आहेच. डोंबिवलीकडे एक खोली परवडेल. ओढाताण होईल, पण उपास पडणार नाहीत. तिला हे सगळं सांगितलं आहे."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, तीन वर्षं धरू."

अण्णांनी शेवटचं कुसळ काढून फेकलं. "पोरीला चालता येत नाही, पण अंदाज बरा आहे," म्हणाले. आणि मला, "कुंदे, पेणला मी काही कळवलेलं नाही, हे तुझ्या आईला सांगून टाक. रोज देवापुढे रडते आहे."

लग्न झालं. दिवाळी आली, गेली. चार महिनेही गेले. प्रबंध परीक्षकांकडून परत आला. एक प्रकरण नव्यानं लिहा म्हणाले. म्हणजे टिपणीस स्वतःच्या वर्तुळाच्याही बाहेर पडले. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून कुतूहल जास्त. "असं कसं झालं?" म्हणून ते नवाच कागद घेऊन बसले. डोंबिवलीच्या त्या एका खोलीत स्टोव्हच्या बाजूला नकाशे आणि नकाशांवर वाळत घातलेले वाल. सुमन शाळेतून आली की दोघं आकडे तपासायची. मी जायची तेव्हा मलाही बसवायची. बेरीज चुकली तर कोणी ओरडायचं नाही, हे त्या घराचं मला फार बरं वाटायचं.

कल्याणला आमचे थोरले काका राहायचे. अण्णांना भेटले की विचारायचे, "काय रे, जावई अजून शाळेतच का?" अण्णा ऐकून घ्यायचे. ज्या माणसानं आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, त्यानं दोन वर्षं ते ऐकून घेतलं, आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आम्हाला ते काकूकडून कळायचं.

तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं टिपणिसांना विचारलं, "म्हणजे नेव्हिगेटरला आपण कुठे आहोत ते ठाऊक नसतं, हेच तुम्ही सिद्ध केलंत?" टिपणीस म्हणाले, "नाही सर. तो हरवला तर त्याला कुठे शोधायचं, ते मी सांगितलं आहे." परीक्षक हसले आणि कागद मिटले.

पदवी मिळाल्याचं सांगायला दोघं डोंबिवलीहून संध्याकाळी ठाण्याला आली. नेव्हिगेटरांना शिकवण्याची दक्षिणेतली नोकरीही जवळजवळ ठरली होती. अण्णांनी सगळं ऐकलं, खुंटीवरचा कोट घातला, टोपी डोक्यावर ठेवली.

"अहो, निघालात कुठे? पानं वाढते आहे," आई म्हणाली.

"कल्याणला. दादाला सांगून येतो."

"उद्या सांगा की!"

"आज," अण्णा म्हणाले आणि चपला पायात नीट न सरकवताच जिन्याखालून बाहेर पडले.

टिपणीस आणि सुमन पाटांवर तशीच बसून राहिली. दोघांनाही काय करावं ते सुचेना. मी त्यांना म्हटलं, बसा खुशाल. अण्णा एकटे परत येणार नव्हते, हे मला दिसत होतं. कल्याणहून चार माणसं येतील या बेतानं मी भात चढवला. अकरा आली.