एका रिमोटवर दोघी

हमीदभाईंचा फोन आला तेव्हा मी मोखाड्याच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. शिपाईमामांनी दारातूनच खुणावलं. हमीदभाई फोनवर आधी तब्येत विचारतात, मग तुमच्याकडे हवा कशी आहे म्हणतात आणि सगळ्यात शेवटी कामाचं बोलतात. त्या दिवशीही त्यांनी आधी तब्येत विचारली. मी बरी आहे म्हटलं. मग म्हणाले, "बाई, जुबेदा गेली. सकाळीच." त्यांच्या दुकानासमोरून एसटी गेल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. मी वर्गात परत आले, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित पुरं केलं आणि मग खुर्चीत बसून राहिले. मुलांना वाटलं, बाईंना बरं नाही.

आता काही आठवडे उलटलेत, म्हणून हे लिहिता येतंय. हमीदभाईंच्या बायकोचं, जुबेदाभाभींचं नाव जव्हारच्या बाजारात कुणाला सांगितलं तर पटकन ओळख पटणार नाही. पण आज पंचविशी-तिशीत असलेल्या तिथल्या पोरांना 'पडद्यामागची चाची' म्हणा, लगेच ओळखतील. त्यांनी तिचा चेहरा क्वचितच पाहिला, आवाज मात्र रोज ऐकला. दुकानातल्या व्हिडिओ गेममध्ये कुणी अडकलं की आतून आवाज यायचा, "खाली नको उतरू, वरच्या विटेवर उडी मार." ती सांगायची ते बरोबर निघायचं, कारण तो गेम तिचा आधीच खेळून झालेला असायचा.

मी मूळची पोशेऱ्याची. जव्हारला नेमणूक झाली तेव्हा हमीदभाईंच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, मध्ये एक पडदा, पडद्यामागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून अम्मींची खोली. अम्मी म्हणजे हमीदभाईंच्या आई. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही जड झालं होतं. जुबेदाभाभी भिवंडीच्या, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या. लग्न होऊन इथं आल्या आणि दोनेक वर्षांतच अम्मी अंथरुणाला खिळल्या. मुंब्र्याच्या दिराचं घर एका खोलीचं, तिथं अम्मींना ठेवायचं कसं? मूलबाळ झालं नाही, त्यामुळं सगळ्यांनी धरून चाललं की भाभींना वेळच वेळ आहे. अम्मींचा हट्ट असा, की दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. भाभींचे वडील वारले तेव्हा त्या सकाळी भिवंडीला गेल्या आणि माती झाल्याबरोबर परत फिरल्या. घरी पोचल्या तर अम्मी कोरड्या ओठांनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. शेजारणीनं धरलेला पेला त्यांनी डाव्या हातानं लोटून दिला होता.

अशा घरात व्हिडिओ गेम आले. नव्वदीच्या मधल्या वर्षांत टीव्हीला जोडायचे गेम मुंबईत जोरात होते, हमीदभाईंनी ते पाहिले आणि दुकानात दोन टीव्ही मांडले. तासावर भाडं. शाळा सुटली की पोरांची झुंबड उडायची. कॅसेटी जुन्या बाजारातून यायच्या, त्यातल्या काही मध्येच बंद पडायच्या. पोरांनी बोंब मारायच्या आधी तपासून ठेवायला हमीदभाईंना सवड नव्हती. म्हणून एक जुना छोटा टीव्ही त्यांनी अम्मींच्या खोलीत नेऊन ठेवला आणि भाभींना सांगितलं, भात शिजेपर्यंत जरा चालवून बघत जा.

भाभी बघू लागल्या आणि रमल्या. मला सुरुवातीला ते पोरकट वाटायचं. एक बुटका माणूस पळतोय, उड्या मारतोय, खड्ड्यात पडतोय. यात काय आहे, असं मी एकदा विचारलं. भाभी भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "ही घासली की परत खरकटी होणार. अम्मीची चादर बदलली की परत बदलायची. तिकडं एक दरवाजा उघडला की उघडला, बाई. पुढचं काहीतरी दिसतं." तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे लाईट जायला काही कारण लागत नसे. लाईट गेली की खेळलेलं सगळं पुसलं जायचं, परत पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात. भाभी अंधारात हसल्या, म्हणाल्या, "घ्या. हे पण आमच्याच घरातलं निघालं."

अम्मींना तो आवाज सहन व्हायचा नाही. गेम सुरू झाला की त्या डाव्या हातानं स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायच्या. भाभी गेम बंद करायच्या, तोंड पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या. वर्षं अशीच चालली होती. एका रविवारी मी अंगणात तांदूळ निवडत असताना भाभी येऊन शेजारी बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी वाईट नाही, बाई. पण कधी कधी वाटतं, ही कधी सुटेल... ही सुटली की मी सुटेन." बोलल्यावर त्यांनी स्वतःच कानाला हात लावला. माझ्या सुपातले चार दाणे निवडून त्या आत गेल्या. आतून अम्मींची हाक आली होती.

पुढं गाड्यांच्या शर्यतीची कॅसेट आली. शनिवारची सकाळची शाळा करून मी घरी आले होते. आतून पेल्याचा आवाज येत होता, पण भाभी काही गेम बंद करत नव्हत्या. मी डोकावले. पडद्यावरची गाडी प्रत्येक वळणावर कठड्याला घासत होती आणि अम्मी पेला आपटत काहीतरी म्हणत होत्या. आम्हाला कळायला वेळ लागला. त्या म्हणत होत्या, "बायें... बायें." गाडी डावीकडे घे, असं सांगत होत्या. त्यांना राग आला होता तो भाभींच्या गाडी चालवण्याचा.

अम्मींचे मालक ट्रकवर होते. कोळसा घेऊन त्र्यंबकच्या घाटातून नाशिकला जायचे. त्यांनी अम्मींना एकदाही शेजारी बसवून नेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

गेमच्या रिमोटवर डावीकडे वळायची बटणं असतात आणि उजवीकडे वेगाची. भाभी पलंगाला टेकून बसल्या आणि रिमोटचं डावं टोक त्यांनी अम्मींच्या तळहातात ठेवलं. उजवं स्वतःच्या हातात. पहिल्या दिवशी गाडी सुरुवातीच्याच वळणावर आपटली आणि दोघींनी एकमेकींना दोष दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. पण मग हळूहळू जमायला लागलं. दुपारची भांडी झाली की दोघी एका रिमोटवर बसायच्या, अम्मी वळवायच्या, भाभी पळवायच्या. भांडणं तर रोजची. अम्मींचं म्हणणं, ही घाई करते. भाभींचं म्हणणं, या बघत बसतात. ज्या घरात चादर आणि औषध यापलीकडे बोलणं नव्हतं, तिथं त्या दोघी वळणांवरून भांडत होत्या आणि मी शेजारच्या खोलीत वह्या तपासता तपासता ते ऐकत होते. एकदा माझी आई पोशेऱ्याहून आली होती. उन्हाळाभर पाण्यासाठी चालून तिच्या टाचांना भेगा पडलेल्या. ती उंबऱ्यात उभी राहून टीव्हीच्या पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "एवढा मोठा रस्ता, नि चालणारा कोणीच नाय?" अम्मी हसल्या. अर्ध्याच तोंडानं, पण हसल्या.

नवे गेम येत गेले. सीडीवाले आले, त्यांच्याबरोबर एक लहानशी चिप आली आणि तिच्यात खेळलेलं राहू लागलं. भाभींना त्याचं केवढं अप्रूप होतं. काल जिथं थांबलो तिथूनच आज निघायचं, हे त्या मला सारखं सांगायच्या. मग एक असा गेम आला की त्यात शर्यतच नव्हती. एक अख्खं शहर होतं, त्यात गाडी घेऊन हवं तिकडं फिरा. पुढच्या खोलीतली पोरं त्यात मारामाऱ्या करायची, गोळ्या झाडायची. आत या दोघी लाल सिग्नलला थांबायच्या, रस्ता ओलांडणाऱ्याला जाऊ द्यायच्या आणि समुद्राच्या कडेला गाडी उभी करून बसून राहायच्या. आजूबाजूच्या बायका अम्मींची खबर घ्यायला आल्या की अम्मी सांगायच्या, आज दर्यावर जाऊन आले. बायका भाभींकडे बघायच्या, म्हातारीचं डोकं फिरलं की काय म्हणून.

त्या शहरात एक पूल होता आणि तो बंद होता. पलीकडं शहराचा दुसरा भाग दिसायचा, उंच इमारती, दिवे. अम्मी रोज गाडी त्या पुलाशी नेऊन उभी करायच्या. पूल कसा उघडायचा हे भाभींनी पोरांकडून काढून घेतलं. बंदूक चालवून बरीच माणसं मारावी लागतात, तेव्हा पूल उघडतो. अम्मींनी नको म्हटलं. खेळातलंच आहे, असं भाभींनी समजावलं तरी नको. मग दोघी पुलापाशी थांबून पलीकडे बघायच्या आणि परत फिरायच्या.

माझी बदली मोखाड्याला झाली तरी सुट्टीच्या दिवशी मी जव्हारला जात असे. एका हिवाळ्यात गेले तेव्हा अम्मींचं खाणं तुटलं होतं. डॉक्टरांनी हमीदभाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस काढणार नाहीत. मी खोलीत गेले तर अम्मी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आणि भाभी एकट्याच रिमोट घेऊन बसलेल्या. पडद्यावर गोळ्या चालल्या होत्या, माणसं पडत होती. भाभींच्या कपाळावर घाम होता. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्यांना पलीकडं बघायचंय. आता कधी बघणार?" कितीतरी दुपारी त्या तसं खेळत होत्या. आवाज बंद करून ठेवायच्या. अम्मी एकदाही तोंड वळवत नव्हत्या.

पूल उघडला त्या दिवशी मी तिथं होते, हे माझं नशीब. भाभींनी अम्मींना उशीला टेकवून बसवलं, रिमोट हातात दिला, अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवला, कारण अम्मींच्या बोटात आता जोर नव्हता. गाडी पुलावर चढली. पलीकडं पोचल्यावर रस्ते होते, सिग्नल होते, तशाच इमारती, तसेच लोक. अम्मींनी थोडं फिरून घेतलं. मग त्यांचा अंगठा थांबला. जड जिभेनं म्हणाल्या, "इधर भी वैसाच है." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चल जुबेदा, घर." भाभींनी गाडी वळवली आणि अख्खा पूल परत पार केला. सगळ्या सिग्नलना थांबत.

त्यानंतर लवकरच अम्मी गेल्या. लोक भाभींना म्हणाले, तू खूप केलंस, आता मोकळी झालीस. त्या भिवंडीला महिनाभर राहायला म्हणून गेल्या आणि आठवड्यातच परत आल्या. माहेरी भावजयी कामाला हात लावू देत नव्हत्या, नुसतं बसून राहायचं, सगळे प्रेमानं वागायचे. "तिकडं दुपार सरतच नाही," एवढंच त्या मला म्हणाल्या. पुढं त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. तपासण्या झाल्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा नाशिकला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं. आयुष्यभर घराबाहेर फारशी न पडलेली बाई आता सारखी घाट चढत-उतरत होती, पण खिडकीबाहेर बघायचं त्राण त्यांच्यात नसायचं. डोळे मिटून, हमीदभाईंच्या खांद्याला टेकून बसायच्या. मोखाड्याच्या स्टँडवर गाडी थांबली की मी कधी कधी खिडकीशी जाऊन भेटायचे. शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, मी तेव्हा ते बोलले होते... अम्मी सुटली की मी सुटेन. ते अम्मीनं ऐकलं असेल का?" मी म्हटलं, नाही ऐकलं. मला ते ठाऊक नव्हतं, पण मी नाही म्हटलं. कंडक्टरनं घंटी दिली.

भाभींचा चाळिसावा दिवस झाल्यावर जव्हारला गेले. दुकानातले टीव्ही केव्हाच निघालेत, हमीदभाई आता मोबाईल दुरुस्त करतात. त्यांनी चहा केला, पण अम्मींच्या खोलीत येईनात, उंबऱ्यातच कप धरून उभे राहिले. खोली झाडलेली होती. पलंग, टीव्ही, भिंतीशी उशी, सगळं जागच्या जागी. म्हणाले, एवढी वर्षं मी पुढं बसून गेमचं भाडं घेतलं, या खोलीत कधी सलग तासभर बसलो नाही. मग आत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी टीव्ही लावला. ते शहर आलं. रिमोट हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "बाई, हे चालवतात कसं?"

मलाही येत नव्हतं. मी नुसतं बघितलं होतं. रस्त्याच्या मधोमध भाभींची गाडी उभी होती, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो, बाहेर अजान होईपर्यंत.