नानांची न उघडणारी डिस्क

रिपेअरिंगच्या दुकानात किस्से जुन्या केबल्ससारखे साठतात. कुणी टाकून जातं, कुणी विसरून जातं. धुळ्यात मी आणि बापू, माझा पार्टनर, इतकी वर्षं हाच धंदा करतोय. पण मित्र जमले की फर्माईश एकच, "नानांचं सांग!"

तर नानांचं सांगतो.

*

नाना नरडाण्याजवळच्या खेड्यातले. पहिल्यांदा आले तेव्हा एक्स्टर्नल हार्ड डिस्क खणात गुंडाळलेली! वर हळद, कुंकू, अक्षता. दसऱ्याला ट्रॅक्टर पुजला, विळा-कोयता पुजला, तर हिला कशी सोडायची?

केबल लावायच्या खाचेत कुंकू गच्च बसलं होतं. मी वैतागलो. "नाना, अहो, पूजा करायची तर निदान हे तोंड तरी झाकायचं!"

नाना हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, अक्का गयी मना घरनी. तिना आवाज यामाच शे." अक्का म्हणजे त्यांची बायको; ती वारली होती.

त्यांच्या पुण्याच्या मुलाने घरच्या मोबाइलमधले सगळे व्हिडिओ या डिस्कमध्ये भरले होते आणि मोबाइल पार रिकामा केला होता. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मी गुपचूप ब्रश घेतला.

*

कुंकू निघालं. दिवा लागला, पण कॉम्प्युटरवर डिस्क काही दिसेना. केबल बदलली. पुढचा पोर्ट सोडून मागचा घेतला. आतून नुसतं टिक... टिक... टिक.

नाना कान लावून ऐकत होते. "जिवंत शे ना?"

बापू म्हणाला, "नाना, श्वास चालू आहे, शुद्ध नाही!"

त्यावर नाना तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले. चहा आला तर कप हातातच राहिला. दुकानात मोठ्याने बोलायला आम्हाला उगाच चोरट्यासारखं वाटायला लागलं.

*

मग नानांचे फोन सुरू झाले. डिस्कचं नावही काढायचे नाहीत. "जेवनात का?" मग पाऊस, मग कापूस, मग बापूच्या पोरीचं कॉलेज. मग एकदम गप्प.

मीच म्हणायचो, "नाही नाना, अजून नाही."

"बरं बरं," म्हणायचे, "मी कुठे काय इचारं?"

*

कुणीतरी त्यांना सांगितलं, डिस्क थंड केली की चालू होते. नानांनी आमच्याकडून ती "जरा घरी नेतो" म्हणून नेली आणि थेट फैजपूर गाठलं! तिथे जावयाचं केळी पिकवायचं थंड चेंबर आहे. जावयाने सासऱ्यांचा मान राखून केळीच्या क्रेटवर डिस्क ठेवली.

परत आणली तेव्हा घामाने डबडबलेली. नाना खूश. "चांगली थंड करी लई उनू!"

मी असा भडकलो म्हणता! वाळेपर्यंत लावायची नाही, असा दम भरला. बापूने डिस्क नाकाशी धरली. "नाना, वास तर फर्स्ट क्लास आलाय. केळी पिकली, डिस्क राहिली!"

नाना हसले, पण मग हळूच म्हणाले, "तिले केळी भारी आवडे." बापू दिवसभर त्यांना चहा आणून देत राहिला.

*

वाळल्यावर एकदा ती कॉम्प्युटरवर दिसली. आम्ही ओरडलोच! तेवढ्यात स्क्रीनवर चौकट आली: डिस्क वापरायची तर फॉरमॅट करा.

"काय इचारस तो?"

"सगळं पुसून टाकू का, विचारतोय."

मी नको म्हणायलाच माउस हलवला, तर नानांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी घातल्यासारखा वळ उठला. "हात लावू नको, भाऊ! त्याले सांग, नको!"

तेच सांगत होतो हो!

*

मुलाचा पुण्याहून फोन आला. स्पीकरवर होता. "नाना, किती फेऱ्या मारताय? मी नवी डिस्क पाठवतो, डबल साइजची."

"पाठव," नाना म्हणाले. "पन तुनी माय कुठून पाठवशी?"

मग पोरगा म्हणाला, "दुकानातल्या काकांना सांगा, घाई करू नका म्हणावं."

*

शेवटी मी तिचं प्लास्टिकचं कव्हर उघडलं. दोष डिस्कचा नव्हताच. डिस्कला केबलशी जोडणारी चिमुकली सर्किटची पट्टी गेली होती, त्यामुळे करंट पुरेसा पोचत नव्हता. डिस्क दुसऱ्या अॅडॉप्टरवर लावली आणि सगळे फोल्डर समोर! आधी दोन कॉपी काढल्या, मगच नानांना बोलावलं. खरं सांगतो, अक्कांना बघायची मलाही ओढ लागली होती.

नाना नवा सदरा घालून आले. एकेक व्हिडिओ लावला. शेतात नाना. बैलांजवळ नाना. नातवाच्या बारशात नाना. अक्का कुठेच नाहीत! मोबाइल कायम अक्कांच्याच हातात असायचा ना!

बापू माझ्याकडे बघायला लागला. मी पुढच्यावर क्लिक केलं.

शेवटचा व्हिडिओ कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या, सणाचा होता. सजवलेल्या कानबाईपुढे नाना अवघडून उभे. मागे बायकांची गाणी. आणि मग अगदी जवळून, मोबाइल धरलेल्या बाईचा आवाज आला, "आवो, वरनं बटन लाई ल्या ना! फोटो चांगला येवाले पाहिजे."

दुकानात खुर्चीवर बसलेल्या नानांनी स्क्रीनवरची नजर न हलवता सदऱ्याचं वरचं बटण लावलं.