डब्याची शिंक

आष्ट्याच्या मळ्यात राहणाऱ्या नाथाजींची सून संयोगिता सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली होती. लग्नानंतर तो कागद साड्यांखाली गेला. नवरा जयराज सैन्यात. धाकटी लेक शाळेत जाऊ लागल्यावर तिनं मायक्रोकंट्रोलरचा एक छोटा बोर्ड मागवला आणि फोनवर धडे बघत सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. भाकरी झाल्या की ओट्याचा कोपरा पुसून ती तिथंच लॅपटॉप उघडायची. पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हा ती सासूला, साळूबाईंना, हाताला धरून घेऊन आली. त्यांनी दिवा पाहिला आणि दूध उतू चाललंय म्हणून सांगितलं.

मग तिनं विहिरीच्या मोटरीसाठी डबा केला. फोनवरून सांगितलं की त्यातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, क्षणभर चिकटायचा आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबल्यासारखं व्हायचं. ओट्यावर तिनं तो बल्ब जोडून तपासला. करंट दिला की सुरुवातीलाच टक्‌ व्हायचं, बल्ब लागून विझायचा, पुढं सगळं सुरळीत.

“डबा शिंकला गं,” साळूबाई म्हणाल्या. “कामाला निघताना शिंक बरी न्हवं.”

संयोगिता हसली.

लाईट गेली की नाथाजी विहिरीत उतरून मोटरीच्या जाळीवरचं शेवाळ काढत. मोटर पाण्यात, केबलचा जोड जुना; मोटर चालू असली तर पाण्यात करंट उतरायची भीती. म्हणून उतरण्याआधी फ्यूजच्या ग्रिपा काढून बंडीच्या खिशात घालत. आता त्याची गरज नाही, सुनेनं सांगितलं; मी फोन केल्याशिवाय मोटर लागतच नाही. त्यांनी सवय सोडली. सुनेचं कौतुक पारावर सांगितलं, आणि बांधापलीकडच्या केरबानानांनी आपल्या विहिरीसाठी तसाच डबा करून घेतला.

एका सकाळी लाईट गेली आणि नाथाजी विहिरीकडे निघाले. संयोगिता मेथी निवडत पुढचा धडा ऐकत होती. बोर्डाची पिन आउटपुट केली, म्हणजे हुकूम देणारी केली, की ती मुळात शून्यावर असते. रिले शून्यावर चालणारा असेल तर आधी पिनला एक द्यावा, मगच आउटपुट करावी.

तिचा हात थांबला. तिचा रिले शून्यावरच चालणारा होता, आणि तिनं आधी आउटपुट लिहिलं होतं, मग करंट स्थिर व्हावा म्हणून थोडं थांबणं, आणि मग बंद. म्हणजे लाईट आली की डबा आपणच एकदा बटण दाबणार. बल्ब विझत होता. स्टार्टरनं एकदा धरलं की लाल बटण दाबेपर्यंत तो सोडत नाही.

सरावासाठी ओट्यावर तसाच जोडून ठेवलेला दुसरा बोर्ड टक्‌ करून शिंकला. लाईट आली होती.

ती अनवाणी धावली. पाइपातून पाणी कोसळत होतं. तिनं लाल बटण दाबलं, ग्रिपा उपसल्या आणि विहिरीत डोकावली. नाथाजी वरच्याच पायरीवर तंबाखू मळत बसले होते. कपडे कोरडे.

“आप्पा, वर या आदी.”

“आपणहून चालू झाली बघ,” ते कौतुकानं म्हणाले. “आता उतरणारच हुतो. केरबालाबी सांगून आलो, ग्रिपा ऱ्हाऊ दे, डबा हाय न्हवं. त्यो मगाशीच उतरला.”

बांधापलीकडं केरबानानांच्या पाइपातून पाणी पडत होतं. संयोगितानं हाक मारली. मग पळता पळता पुन्हा मारली. पाणी पडतच होतं.