सिंदेवाहीत दुपार होत नाही

फोनवर शहरातल्या मुली महिनाअखेरीला 'या महिन्यात मला काय आवडलं' ते सांगतात. मागे मेणबत्ती, हातात कॉफी, चेहऱ्यावर जगाचं कल्याण. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. आमच्याही घरात कोणाला काहीतरी आवडावं म्हणून मी महिनाअखेरीला सगळ्यांना अंगणात बसवायला लागले. बघण्यातलं एक, खाण्यातलं एक आणि सकाळी उठावंसं वाटेल असं एक, एवढंच सांगायचं. वहिनीने त्यात स्वतःची भर घातली. ज्याची आवड सगळ्यांना पटेल, ती पुढचा महिनाभर अख्ख्या घराने पाळायची.

पहिल्याच खेपेला दादाचे गालिचे धुण्याचे व्हिडिओ जिंकले. आमच्या घरात गालिचा नाही, गल्लीतही कोणाकडे नसावा. तरी महिनाभर आम्ही जेवताना परदेशातले मळके गालिचे धुऊन निघताना पाहिले. आईला तर त्यातलं इतकं कळू लागलं, की पाणी कमी मारलं तर ती ताटावरूनच त्या माणसावर चिडायची. पुढच्या महिन्यात माझे कोहळ्याचे तळलेले गोड बोंडे निवडले गेले, आणि शेवटी शेवटी दादा कोहळं दिसलं की मागच्या दाराने आपल्या दुकानात पळायचा. वहिनीला उठावंसं वाटायला लावणारी वस्तू दर महिन्याला एकच असायची, केसांचा नवा चिमटा.

बाबा मात्र दर वेळी म्हणायचे, "काई नाई."

बाबा माजरीच्या कोळसा खदानीत होते. रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही सिंदेवाहीच्या घरात राहायला आलो. इथे हवा मोकळी, पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढराच राहतो, आणि बाबांना नेमकं हेच खटकायचं. तिकडे रोज दुपारी भोंगा व्हायचा, मग ब्लास्टिंग. क्वार्टरच्या भिंती हादरायच्या, भांडी खणखणायची आणि दुपार झाली हे सगळ्या वस्तीला कळायचं.

"इथी दुपारच होत नाई," बाबा म्हणायचे. "सकाळ होते अन् डायरेक्ट संध्याकाळ."

एका महिनाअखेरीला त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यातही काही आवडलं नाही तर आपण माजरीला खोली घेऊन एकटे राहू. आई म्हणाली, खुशाल जा, मी येत नाही, जन्मभर धूळ खाल्ली तेवढी बस झाली. आणि त्या संध्याकाळी ती जेवलीच नाही. बाबा बोलतात ते करतात, त्यामुळे मला खरंच धास्ती बसली.

मग आम्ही दुपार घरीच करायचं ठरवलं. वहिनी न्हाणीत जाऊन तोंडाने भोंगा वाजवायची, कारण तिथे आवाज घुमतो. दादा दुकान बंद करून यायचा आणि माळ्यावरून धानाचं पोतं खालच्या लोखंडी पेटीवर सोडायचा. त्याच क्षणी मी भांड्यांची मांडणी गदागदा हलवायची. बाबा बैठकीत खुर्चीवर बसून सगळं ऐकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की आज बारूद कमी भरली. दुसऱ्या दिवसापासून दादा दोन पोती सोडू लागला.

शेजारच्या काकू आधी भांडायला आल्या. कारण कळल्यावर भांडण राहिलं बाजूला, भोंगा झाला की त्या आपली शेळी आत बांधू लागल्या. सुरक्षेचा नियम आहे म्हणाल्या. एक दिवस तर त्यांनी रीतसर येऊन विचारलं, की रविवारी ब्लास्टिंग असतं का. आई या कशातच नव्हती. घरातले सगळे येडे झाले, म्हणत ती आपली पोळ्या लाटायची.

महिना संपला. आम्ही अंगणात बसलो. दादाने काय सांगितलं, वहिनीने काय, मला काही आठवत नाही, माझं सगळं लक्ष बाबांकडे होतं. बाबा म्हणाले, या वेळी एक गोष्ट आवडली. दादाने लगेच छाती फुगवली.

"पोतं नाई," बाबा म्हणाले. "पोतं फालतू आहे. ब्लास्टिंग खालून येते, वरून नाई." मग त्यांनी आईकडे मान वळवली. "धडाम झालं का तुमची माय हातातलं काम ठेवते अन् दाराकडे पायते. मी बैठकीत बसून राह्यतो, तरी दाराकडे. रोज पाह्यलं मी. मी तवा खदानीत राहो, घरी काय होते मले काय मालूम."

आम्हाला मात्र मालूम होतं. लहानपणापासून आम्ही ते रोज पाहत आलो होतो. ब्लास्टिंग झालं की आई थांबायची, दाराकडे बघायची आणि बाबा येईपर्यंत तिचं कशात लक्ष नसायचं. त्यात बघण्यासारखं काही आहे असं आमच्या कधी मनातच आलं नव्हतं.

आई चिडली. पदराला हात पुसत म्हणाली, "मंग कुठी पाहू? घरात बसलेला मानूस मले अजून सवयीचा नाई झाला."

माजरीच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी भोंगा द्यायला न्हाणीत गेली, तेव्हा बाबांनी आपली खुर्ची उचलली आणि नेऊन दारात ठेवली.