आत्याच्या तीन ओळी

माझी आत्या कपडे दुरुस्त करायची. कुणाच्या पँटची चेन बदल, कुणाची बाही आखूड कर. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. बहुधा म्हणूनच आमच्या मंडळाने तिला सलग बावीस वर्षं चिटणीस ठेवलं.

मंडळ आमच्या पणजोबांच्या देशातून इथे येऊन वसलेल्या घरांचं. महिन्यातले दोन रविवार गोदामावरच्या हॉलमध्ये जमायचं, तिकडची गाणी म्हणायची, पोरांना तिकडची लिपी शिकवायची. उरलेले दोन रविवार तोच हॉल त्या देशाच्या शेजारच्या देशातून आलेल्या लोकांचा. खुर्च्या सामाईक, किटली सामाईक, आणि ती कुणी घासायची यावरचं भांडणही सामाईक.

मग एका सकाळी बातमी आली. पणजोबांच्या देशाने त्या शेजाऱ्यावर रणगाडे घातले होते.

पुढच्या रविवारी आत्या हॉल उघडायला गेली, तर त्यांच्या मंडळाचा चिटणीस जिन्यातून खुर्च्या खाली नेत होता. पेशाने सुतार, एरवी मोठा गप्पिष्ट.

"आमच्या वाट्याच्या नेतोय," तो म्हणाला. "माझी बहीण तिकडे तळघरात लपून बसलीय, बाई. आठवडा झाला, तुमच्यातल्या एकानेही साधी चौकशी केली नाही."

आत्याने त्याच दुपारी सभा बोलावली.

अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "आपलं मंडळ गाण्याबजावण्याचं. राजकारण नको. आणि आपण चाळीस डोकी बोललो म्हणून रणगाडे थांबणार आहेत का?"

आत्याने टाचण्या काढून कॉलरला टोचल्या. "रणगाड्यांना सांगायचंच नाहीये, सर. जिन्यातल्या सुताराला सांगायचंय."

मग तीन तास मसुदा चालला. एकाला 'खेद' हवा, दुसऱ्याला 'तीव्र खेद'. माझे वडील म्हणाले, "'दोन्ही बाजूंनी संयम' असं घाला."

"दादा, रणगाडे दोन्ही बाजूंनी गेलेत का?"

वडील किटली भरायला उठले.

शेवटी आत्यानेच लिहिलं: 'आमच्या पणजोबांच्या देशाने शेजाऱ्यावर हल्ला केला. हे चूक आहे, थांबलं पाहिजे. तो देश आमचा आहे, म्हणून हे आम्ही म्हणायलाच हवं.'

तेवीस विरुद्ध चौदा मतांनी ठराव पास झाला. हेडमास्तरांनी राजीनामा दिला. जाता जाता ठरावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र सुधारून गेले.

कागद घेऊन आत्या सुताराच्या कारखान्यात गेली. त्याने रंधा बाजूला ठेवून तो दोनदा वाचला.

"खुर्च्या उद्या आणतो," तो म्हणाला. "दोन डुगडुगत होत्या, त्यांचे पाय बसवलेत."

सगळंच गोड झालं नाही. नऊ घरांनी मंडळ सोडलं. पणजोबांच्या गावातल्या चुलतबहिणीने आत्याला कळवलं, 'तू आता आमची नाहीस.' त्या दिवशी आत्याने दुकान लवकर बंद केलं. पण दुकानाच्या दारावर लावलेली ठरावाची प्रत काढली नाही. चार महिन्यांनी हेडमास्तर परतले. घरी एकट्याने गायला मजा येत नाही म्हणाले.

युद्ध लांबतच गेलं. सुताराची बहीण कशीबशी सीमेपार निघाली आणि वर्षभराने इथे पोचली. तिला घ्यायला स्टेशनवर दोन्ही मंडळं गेली होती. डब्यातून उतरून तिने भावाला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "मी तळघरात वाळत होते, आणि तू केवढा सुटलायस रे!"

सुतार हसता हसता रडायला लागला. तिच्या पिशव्या उचलायला आत्या आणि हेडमास्तर एकदमच वाकले, आणि त्यांची डोकी आपटली.