कारभाऱ्यांची कढई

"पाव्हनं बुडाकडनं बगत्यात," असं म्हणत मावशी घासलेला तांब्या पालथा करायची आणि त्याचं बूड उजेडाकडे धरून बघायची. तिथं जरा काळपट दिसलं की तांब्या पुन्हा राखेत जायचा, मग वरून तो कितीही लखलखत असो.

पाव्हनं म्हणजे येशू ख्रिस्त. हे कळायला मला बराच वेळ लागला. मी मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि कंपाउंडात तिच्या शेजारची खोली मला मिळाली, तेव्हा मला वाटायचं की हिच्याकडे गावाहून कुणीतरी फार टापटिपीचं माणूस यायचं आहे. रोज पहाटे उठून दारातलं मडकं विसळायचं, ताजं पाणी भरायचं, त्यावर पेला पालथा घालायचा. पाहुणा मात्र रोज यायचा राहायचा. शेवटी मी विचारलं, "मावशी, येणार कधी तुमचे पाहुणे?"

"आता त्येंनी काय तार केलीया व्हय, मास्तर?" ती म्हणाली. "येतील कवाबी. आन नेमका त्या वक्ताला पेला खरकटा निगाला, तर मी काय तोंड दावू त्येंला?"

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिचं घर बघून आपल्याला आपल्या घराची लाज वाटते. पण माझा स्वभाव तिरसट आहे आणि देवाधर्माच्या माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट. मी वाईचा. आमच्या घरी सोवळ्याचा कद असायचा. तो वर्षानुवर्षं साबण न लागता पवित्र राहायचा, आणि तो नेसलेल्या काकांच्या जवळ गेलं की आंबूस वास यायचा. स्वच्छता आणि पावित्र्य या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो हे मी पहिल्यांदा या बाईच्या घरी पाहिलं. म्हणून तिच्या मडक्यातलं पाणी मी पहिल्या दिवसापासून प्यालो. आईला कळल्यावर तिनं पत्रातून माझा उद्धार केला, तो वेगळा.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिच्यासाठी देवळात शोकसभा ठेवली होती (आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात). तिथं पंचकमिटीच्या, म्हणजे देवळाचा व्यवहार बघणाऱ्या पंचांच्या, कारभाऱ्यांनी तासभर भाषण केलं. 'घरकामातून प्रभूची सेवा करणारी आदर्श ख्रिस्ती गृहिणी' असं ते तिला म्हणाले, आणि रुमालानं डोळे टिपले. मला इतकी शिसारी आली की मी मधूनच उठून बाहेर आलो. त्या भाषणात जे नव्हतं ते सांगायला मी बसलो आहे.

तिचा नवरा शाळेचा शिपाई होता आणि देवळाची घंटाही तोच वाजवायचा. मी यायच्या आधीच तो वारला होता. मूलबाळ नव्हतं. मिसबाईंनी, म्हणजे शाळा चालवणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईंनी, तिला सांगितलं होतं की तू जिवंत आहेस तोवर ही खोली तुझी. एक खोली, मागं चूल, पुढं हातभर ओटा. ती आठवड्यातून दोनदा जमीन शेणानं सारवायची. सारवताना गुडघ्यावर टेकलेली असायची आणि तोंडानं गाणी चालू असायची, जात्यावरच्या चालीची, पण शब्द सगळे येशूचे.

त्या शेणावरून एकदा मोठं रणकंदन झालं. कारभाऱ्यांच्या पत्नी नाकाला पदर लावून ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ख्रिस्ती बाईच्या घरात शेण? हे हिंदूंचं आहे सगळं. मंडळीत चर्चा चाललीय."

"आवं बाई, गाय काय हिंदू असती व्हय?" मावशी पोतेरं पिळत म्हणाली. "आन पाव्हनं तर गोठ्यातच जल्मलं. त्येंला न्हाई वास आला."

कारभारीणबाई तरातरा निघून गेल्या. मी खिडकीत मोठ्यानं हसलो. मावशीनं माझ्याकडे वळून डोळे वटारले आणि मग तीही हसायला लागली.

यापेक्षा नवलाची गोष्ट होती ती भांड्यांची. भांडी घासताना ती प्रार्थना करायची, आणि प्रत्येक भांडं एकेका माणसाच्या नावानं घासायची. परात तिच्या पलूसच्या भाचीची. तांब्या नवऱ्याचा, तो मेल्यावरही त्याचाच. मिसबाईंच्या नावानं दुधाचं पातेलं. माझ्या नावानं पेला होता. मी विचारलं, "माझ्यासाठी काय मागता?"

"तुमचं लगीन," ती म्हणाली. "लय रागीट मानूस. मऊ बायकू मिळू दे म्हनते."

"आणि ही कढई कुणाची?"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कारभाऱ्यांची. बाकी कुनाला येवढं घासाय लागत न्हाई."

हे कारभारी म्हणजे गोरा, गुबगुबीत, कायम इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो चांगल्या घराण्यातून, हे ते ओळख होताच सांगायचे. मावशीचे आईबाप मांगवाड्यातून आलेले. प्रभूच्या पुढं सगळे सारखे असं हे गृहस्थ उपासनेत म्हणायचे, पण तिच्या मडक्यातलं पाणी त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही. तहान लागली तर पोराला घरी पिटाळायचे. कदाचा तोच आंबूस वास मला तिथंही यायचा.

नाताळात मंडळीचं, म्हणजे देवळातल्या सगळ्यांचं, जेवण व्हायचं. स्वयंपाकात आणि नंतरच्या आवराआवरीत मावशी सगळ्यांच्या पुढं. एका वर्षी मला जेवायला बोलावलं होतं. देवळाच्या पाळकसाहेबांनी जेवणाआधी घरकाम हीच कशी स्त्रियांची उपासना आहे यावर प्रवचन दिलं. जेवण झाल्यावर कारभाऱ्यांनी ताटातच हात धुतले, त्याच पाण्याची चूळ भरली आणि ती ताटातच थुंकली. मग ते तसलं ताट बसल्या जागेवरून मावशीकडे सरकवलं आणि म्हणाले, "मावशी, तुमची ही सेवा प्रभू बघतो बरं का."

माझं जेवण अजून चाललं होतं. मी म्हणालो, "प्रभू बघत असेल तर निदान थुंकू तरी नका." मावशीनं ताट उचललं आणि मोरीकडे जाताना मला दटावलं, "खावा गप. भात निवतूय तुमचा."

त्यानंतर मिसबाई मायदेशी गेल्या. एकामागून एक सगळेच गोरे गेले आणि कंपाउंडाच्या जमिनी, बंगले, खोल्या पंचकमिटीच्या हातात आल्या. कारभाऱ्यांच्या चालण्यात फरक पडला. मोजपट्टी घेऊन ते कंपाउंडात फिरायला लागले, आणि एका दुपारी मावशीच्या ओट्यावर येऊन टेकले. मी माझ्या दारात वह्या तपासत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, एक अडचण आहे," ते म्हणाले. "वडूजकडचा एक तरुण प्रचारक येतोय. बायकोला दिवस गेलेत. राहायला जागा नाही. मंडळीचा विचार आहे की तुम्ही भाचीकडे जावं."

मावशीनं विचारलं, "कितवा म्हैना?"

"सातवा असेल."

"मग लवकर कराय पायजे," ती म्हणाली.

कारभारी गेल्यावर मी तिच्याशी भांडलो. मिसबाईंनी शब्द दिलाय, हलू नका, मी कराडला वकिलाकडे जातो, असं बरंच काही बोललो. ती ऐकून घेत होती आणि हातानं भिंतीचा पोपडा खरवडत होती.

"मास्तर, ह्या घराबिगर मला काय हाय, ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "भाचीकडं मला कुनी हात लावू द्यायचं न्हाई कशाला. बसवून ठिवतील. पर पोटुशी पोर झाडाखाली निजवू व्हय मी? आन वर पाव्हन्याला या म्हनू?"

पुढं तिनं जे केलं ते बघून मला तिचाही राग आला. तिनं भिंतींना चुना दिला. जमीन उकरून नव्यानं चोपली आणि सारवली. चुलीत काटक्या अशा रचून ठेवल्या की त्या पोरीला वाकून काही करायला लागू नये, नुसती काडी ओढली की झालं. आपली जुनी मऊ लुगडी फाडून तिनं बाळाची दुपटी शिवली आणि घडी घालून कोनाड्यात ठेवली. जिला हाकलतात त्या बाईनं हाकलणाऱ्यांसाठी इतकं राबावं हे मला बघवत नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही.

"त्येंच्यासाठी कुठं?" ती म्हणाली. तोंडावर चुन्याचे शिंतोडे उडालेले. "त्या पोरीसाठी. ती पोर म्हंजे पाव्हनंच की वं."

जायच्या दिवशी पहाटे तिनं मडकं विसळून भरलं, पेला पालथा घातला, दार नुसतं ओढून घेतलं आणि पलूसच्या एसटीत बसली. बोचकं एवढंसं होतं. मी ते टपावर चढवू का विचारलं तर मांडीवरच राहू दे म्हणाली.

त्याच आठवड्यात मी शाळेतून येतो तर तिच्या दारात ट्रक उभा. कसलाही प्रचारक नव्हता, कसलीही गरोदर पोर नव्हती. कारभाऱ्यांच्या मेहुण्याचं खताचं दुकान होतं, त्याचा माल उतरत होता. हमाल त्या सारवलेल्या जमिनीवर धपाधप पोती टाकत होते. एक पोतं फुटून पांढरं खत चुलीपर्यंत पसरलं होतं आणि त्याच्या वासानं नाकाची आग होत होती. ट्रकचा ड्रायव्हर हाताचं काळं वंगण पुसत होता. त्याच्या हातात काय आहे ते मी नीट बघितलं. ते कोनाड्यातलं दुपटं होतं.

कारभारी ओट्यावर उभे राहून देखरेख करत होते. मला बघून खुशीत म्हणाले, "खोली काय झकास मिळाली बघा, मास्तर. झाडायचीसुद्धा गरज पडली नाही."

मला किळस आली. त्या वासाची नव्हे, या माणसाची. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "तुम्ही हिंदू माणूस. मंडळीच्या कामात कशाला पडता?"

तेवढ्यात हमाल दम खायला थांबले. अंगावर खताची भुकटी आणि घाम यांचं चिकट किटण चढलेलं. एकानं मडक्यावरचा पेला उचलला, आत डोकावून बघितलं, वास घेतला आणि प्याला. मग दुसरा, मग तिसरा. मडकं रिकामं होईपर्यंत ते पीत होते.

पुढच्या रविवारी मी पलूस गाठलं. मी मुद्दाम गेलो होतो. या बाईला निदान एकदा तरी संताप यावा, तिनं कारभाऱ्यांना शिव्याशाप द्यावेत, अशी माझी इच्छा होती. भाचीचं घर चांगलं होतं, सिमेंटचं. नवरा कारखान्यात, भांड्याला बाई. मावशी दारातल्या खुर्चीवर स्वच्छ पातळ नेसून हात मांडीवर ठेवून बसली होती. ते रिकामे हात मी कधी बघितले नव्हते.

"या मास्तर!" ती उठली. "पोर आली का? चूल पेटती का तिला? धूर हुतो जरा, कौल सरकवाय सांगा."

मी सगळं सांगितलं, काहीही न गाळता. प्रचारक, खत, मेहुणा, फुटलेलं पोतं. दुपट्याचंही सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी वाट बघत होतो.

"कुनीच न्हवती व्हय," अखेर ती म्हणाली. "पोर न्हवतीच."

"नव्हती."

तिनं विचारलं, "आन मडक्यातलं पानी? तसंच नासलं?"

"नाही. हमाल प्याले. सगळं संपवलं."

"वास न्हवता न्हवं पेल्याला?"

"नव्हता. बघूनच प्याले."

"पोती जड असत्यात. लय तान लागली असंल त्येंला," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, झालं, संपलं. माफ केलंन या बाईनं. माझा एवढा एसटीचा प्रवास फुकट गेला.

पण ती उठली. आत मोरीत सकाळची भांडी बाईची वाट बघत पडली होती. मावशीनं त्यांतून काळीकुट्ट, तेलकट कढई ओढून काढली आणि ती घेऊन मागच्या दारी दगडावर बसली. मूठभर राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि दात आवळून घासायला लागली. मी तिला कधी अशी घासताना बघितलं नव्हतं. खांद्यापासून हात चालत होता आणि गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. गाणं नव्हतं.

भाची धावत आली. "आत्या, ठिवा की ते! बाई येतीया आता."

"हिला बाईचं काम न्हवं," मावशी वर न बघता म्हणाली. "ही माजी मलाच घासाय पायजे."

तिच्या नाकावरून घाम की डोळ्यांतलं पाणी राखेत पडत होतं. मी चहा पिऊन उठलो, तिचा निरोप घेतला, तरी ती थांबली नाही, नुसती मान हलवली. मी फाटकापाशी वळून बघितलं तेव्हा तिनं कढई पालथी करून बूड उजेडाकडे धरलं होतं. बराच वेळ बघितलं, आणि कढई पुन्हा राखेत घातली.